ग्रामर की घराजवळची कॉम्प्रिहेन्सिव्ह? – अनुभव धागा (इंग्लंड)

धागाकर्ती:
ग्रामर म्हणजे परीक्षेने मुलं निवडणारी सरकारी माध्यमिक शाळा, कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे परीक्षा न घेता सगळ्यांना घेणारी. मूल इयर 5 मध्ये (वय 9-10) गेलं की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हाच प्रश्न फिरायला लागतो, आणि उत्तरं मात्र 'आमच्या ओळखीतल्या एकीचं झालं' छापाची येतात. म्हणून हा धागा. मुलांचे गुण, नावं, शाळांच्या तक्रारी नकोत. दुसऱ्याला वापरता येईल तेवढंच लिहा. स्कॉटलंड-वेल्सवाल्यांनी नुसतं वाचावं, तिकडे सरकारी ग्रामर शाळा नाहीत. इंग्लंडात 163 आहेत आणि 1998 च्या कायद्याने नवीन ग्रामर काढायला बंदी आहे.

केंटकर:
आधी नकाशा बघा, मग शाळा. ग्रामर विरुद्ध कॉम्प्रिहेन्सिव्ह असा एकच सामना देशभर नाहीच.

केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर इथे अख्खी काउंटी निवडीवर चालते. केंटमध्ये साधारण 25 टक्के मुलं ग्रामरला पात्र ठरतात. मग उरलेल्या शाळेला लोक कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणत असले तरी ती खऱ्या अर्थाने तशी नसते, कारण वरचा चतुर्थांश आधीच उचललेला असतो. (बक्स म्हणजे बकिंगहॅमशरमध्ये तिला अपर स्कूल म्हणतात.) वरच्या गटाला पुरेशी मुलं नसली की फर्दर मॅथ्स (प्रगत गणित), दुसरी परकी भाषा असे वर्ग भरवणं शाळेला जड जातं.

रेडिंगमध्ये उलटं. मुलांची एक आणि मुलींची एक अशा दोनच ग्रामर. त्यांनी घेतलेल्या मुलांमुळे बाकी शाळांच्या वरच्या सेट्सना (कुवतीप्रमाणे पाडलेल्या तुकड्यांना) फारसा धक्का लागत नाही, तिथली कॉम्प्रिहेन्सिव्ह खरोखर सर्वांची असते. त्यामुळे केंटमधल्या टनब्रिज वेल्सच्या मैत्रिणीचा सल्ला रेडिंगला लागू पडत नाही. माझ्या मते निम्मे गोंधळ इथेच होतात.

स्लाउची मावशी:
वरच्याला +1. 'पास झाला' या शब्दाचा अर्थही गावागणिक बदलतो. बक्समध्ये 121, स्लाउच्या चार ग्रामरना मिळून 111. हे झाले पात्रतेचे गुण, जागेची हमी नव्हे. त्यापुढे प्रत्येक शाळेचे नियम वेगळे: कुठे कॅचमेंट (शाळेने ठरवलेला परिसर), कुठे अंतर, कुठे गुणानुक्रम. बार्नेटच्या मुलांच्या ग्रामरसारख्या शाळांत कॅचमेंट नाही, वरपासून खाली गुणांनी जागा भरतात. म्हणून तिथे नुसतं पात्र ठरून काही होत नाही. प्रत्येक शाळेचं प्रवेश धोरण तिच्या संकेतस्थळावर असतं. चार-पाच पानं असतात, ती वाचा.

बक्सच्या सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलांची नोंदणी आपोआप होते. काउंटीबाहेरच्यांना आणि खासगी शाळेतल्यांना स्वतः करावी लागते. बहुतेक भागांत ही नोंदणी इयर 5 च्या उन्हाळ्यात बंद होते, केंटची साधारण जुलैच्या सुरुवातीला. परीक्षा इयर 6 च्या सप्टेंबरात आहे म्हणून निवांत राहिलेले पालक इथेच चुकतात.

आकडेमोड:
माध्यमिक प्रवेशाच्या फॉर्मबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त अफवा तिथेच आहेत.

फॉर्म तुम्ही राहता त्या काउन्सिलकडे जातो, शाळा दुसऱ्या काउन्सिलमध्ये असली तरी. मुदत 31 ऑक्टोबर. निकाल 1 मार्चला. लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात.

तुम्ही कोणत्या क्रमाने शाळा लिहिल्या हे शाळेला दिसत नाही. प्रत्येक शाळा आपल्या नियमाने तुमच्या मुलाला यादीत बसवते. मग ज्या ज्या शाळांत जागा मिळू शकते त्यांतली तुमच्या क्रमात सर्वात वरची तेवढी देतात. म्हणजे ग्रामर पहिली लिहून घराजवळची तिसरी लिहिली, तर घराजवळच्या शाळेतली तुमची संधी तसूभरही कमी होत नाही. 'पहिली लिहिली नाहीत तर शाळा रागावते' ही जुन्या नियमांची आठवण आहे. मनापासून हवी ती पहिली लिहा.

खरी चूक वेगळीच: सगळ्या ओळी ग्रामरच्या भरून घराजवळची शाळा लिहायचीच नाही. एकही मिळाली नाही की काउन्सिल जिथे जागा उरली तिथे पाठवते, आणि तोवर घरामागची शाळा भरलेली असते. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये गेल्या वर्षी किती अंतरापर्यंत जागा दिल्या हा आकडा काउन्सिल छापते. घराचं सरळ रेषेतलं अंतर त्याच्या बऱ्यापैकी आत असेल तरच तिला 'हक्काची' म्हणा. दोन-तीन वर्षांचे आकडे बघा, एका वर्षाचा फसवा असू शकतो.

ग्रामरचा निकाल बहुतेक ठिकाणी 31 ऑक्टोबरपूर्वी येतो. दोन टप्प्यांच्या काही परीक्षांत दुसऱ्या टप्प्याचा निकाल नंतर येतो, तेव्हा तिथे अंधारातच लिहावं लागतं.

टिफिनबद्दल एक:
किंग्स्टनच्या टिफिन ग्रामरचा आणि आपल्या डब्याचा काही संबंध नाही. टिफिन आडनावाच्या भावांच्या दानातून आलेलं नाव आहे. दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं.

पेन्सिल-खोडरबर:
परीक्षेचं. ज्यांनी स्कॉलरशिपची बुद्धिमत्ता चाचणी दिली आहे त्यांना व्हर्बल, नॉन-व्हर्बल (शब्दांवरचे आणि आकृत्यांवरचे तर्काचे प्रश्न) बघून हसू येईल: सांकेतिक भाषा, आकृत्यांमधलं साम्य, घडी उलगडलेला घन. प्रकार तेच. फरक वेगाचा. व्हर्बलच्या नेहमीच्या सराव प्रश्नपत्रिकेत 50 मिनिटांत 80 प्रश्न असतात, म्हणजे एकाला 38 सेकंदांच्या आत.

मराठी घरांतल्या मुलांचे गुण गणितात क्वचित जातात, शब्दसंग्रहात जातात. पाठ्यपुस्तकी इंग्रजी पक्कं असतं, पण थिंबल, हेज, पॅडक, गेल असे घरातले, शेतातले, हवामानातले शब्द कानावरून गेलेले नसतात. याद्या पाठ करून हे भरत नाही. रोज वीस मिनिटं जुन्या धाटणीच्या गोष्टींची पुस्तकं वाचणं आणि अडलेला शब्द वाक्यासकट वहीत उतरवणं याने भरतं, आणि त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. शेवटच्या तीन महिन्यांत फक्त वेग वाढतो. घरी मराठी बोलणं बंद करू नका, त्याने काही वाढत नाही.

गणितात एकच खड्डा: मैल, पिंट, पाउंड-औंस. 5 मैल म्हणजे सुमारे 8 किलोमीटर, एवढं तरी माहीत हवं.

आता उत्तरपत्रिका. प्रश्नपत्रिका वेगळी, उत्तराचा कागद वेगळा. त्यावर छोटे चौकोन. बरोबर पर्यायाच्या चौकोनात पेन्सिलीने आडवी रेघ मारायची, ती मशीन वाचतं. मूल 17 वा प्रश्न सोडून पुढे जातं, पण कागदावर 18 व्याचं उत्तर 17 व्या ओळीत मारतं. तिथून खाली सगळं एक घर सरकतं आणि शेवटी एक ओळ रिकामी उरते तेव्हा कळतं. उपाय: दर पाच प्रश्नांनी दोन्हीकडचा आकडा बोटाने जुळवायचा, आणि सोडलेल्या प्रश्नालाही अंदाजाने रेघ मारून पुढे जायचं. चुकीला गुण कापत नसतील तिथे रिकामी ओळ म्हणजे निव्वळ नुकसान. खोडताना नीट खोडा, पुसट रेघ मशीनला दुसरं उत्तर वाटू शकते.

गुण वयाप्रमाणे जुळवतात, तेव्हा ऑगस्टमधल्या (वर्गात सर्वात लहान) बाळांची काळजी थोडी कमी करा.

सेट वन:
कॉम्प्रिहेन्सिव्ह बघायला गेल्यावर सजवलेली प्रयोगशाळा बघू नका, हे विचारा:
गणिताचे सेट कधीपासून पाडतात आणि वर्षात किती वेळा बदलतात? जीसीएसई (16 व्या वर्षीची परीक्षा) गणिताच्या फाउंडेशन पेपरला जास्तीत जास्त 5 ग्रेड मिळते, 6 ते 9 फक्त हायर पेपरला. तेव्हा हा प्रश्न इयर 9 आधीच महत्त्वाचा. ट्रिपल सायन्स (तिन्ही विज्ञानं वेगवेगळी) शाळेच्या वेळात की तासांनंतर? (कम्बाइन्डला दोन जीसीएसई, ट्रिपलला तीन.) सिक्स्थ फॉर्म (इयर 12-13) आहे का?

प्रोग्रेस 8 (प्राथमिकपासून जीसीएसईपर्यंतची प्रगती मोजणारा आकडा) वरून शाळा तोलणाऱ्यांसाठी: 2020 आणि 2021 मध्ये सॅट्स (प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षा) झाल्या नाहीत, म्हणून 2025 आणि 2026 च्या निकालांना तो आकडा नाही. त्याआधीच्या वर्षांत शाळेची सरासरी सोडा आणि प्राथमिकला चांगले गुण असलेल्या मुलांचा आकडा वेगळा बघा. ग्रामरच्या पालकांनी तुलना त्याच गटाशी करावी. ग्रामरची सरासरी उंच दिसणारच, आत घेतानाच चाळणी लावली आहे.

आणि ग्रामरचं दार 16 व्या वर्षी पुन्हा उघडतं. बहुतेक ग्रामर इयर 12 ला बाहेरची मुलं घेतात, ए-लेव्हलला (18 व्या वर्षीची परीक्षा) घ्यायच्या विषयात 6-7 ग्रेड मागतात. दहाव्या वर्षी चुकलेली संधी कायमची जात नाही.

बसवाली:
प्रवासाचा हिशेब कोणी केलाच नाही. लंडनमध्ये 11 ते 15 वयाला झिप कार्डावर (मुलांच्या प्रवासाचं कार्ड) बस फुकट, ट्रेनला पैसे. बाहेर काउन्सिलचा फुकट प्रवास 'सर्वात जवळच्या योग्य शाळे'पर्यंत, तीही 3 मैलांपलीकडे असली तर. लांबची ग्रामर निवडली तर तो खर्च सहसा तुमचा. एकेरी सव्वा तास लागत असेल तर हिवाळ्यात मूल अंधारात निघतं आणि अंधारात येतं, आणि तासांनंतरच्या खेळ-नाटकाची शेवटची बस चुकते. सकाळी साडेसातला एकदा तो प्रवास मुलासोबत करून बघा, तोही पावसाच्या सोमवारी.

नवीन आलेल्यांसाठी:
वर्ग जन्मतारखेने ठरतो, 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट. भारतातली पाचवी म्हणजे साधारण इथलं इयर 6. म्हणजे पाचवीत आलेल्याची ग्रामरची नोंदणी बहुतेक संपलेली असते. मग कॉम्प्रिहेन्सिव्हला काउन्सिलकडून जागा घ्या आणि ग्रामरला नंतरच्या वर्षांच्या परीक्षेबद्दल लिहा. तिथे कुणी सोडून गेलं तरच जागा होते. डिपेंडंट व्हिसावरच्या मुलांना दोन्ही शाळा फुकट आहेत.

आकडेमोड (पुन्हा):
राहिलंच. 1 मार्चला नको ती शाळा आली तरी ती स्वीकारून ठेवा, त्याने वेटिंग लिस्टवरचा नंबर जात नाही. नाकारली तर हाती काहीच राहत नाही. वेटिंग लिस्ट किमान 31 डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते. अपील वेगळं. गुण कमी पडले असतील तर पॅनलला आजारपणाच्या कहाणीपेक्षा इयर 5 चे अहवाल आणि मुख्याध्यापकांचं पत्र जास्त पटतं, आणि ते पत्र जुलैत सुट्ट्या लागण्याआधी मागून ठेवा.