आंतोनिओ सांचेसच्या ड्रममध्ये मेक्सिको आहे कुठे?

ताशेवाला (धागाकर्ता): जॅझ ड्रमर सांचेसबद्दल कुठेही वाचा, 'अनेक संस्कृतींचा संगम' आलाच. जन्म मेक्सिको सिटीत, १९७१. तिथल्या राष्ट्रीय कॉन्झर्व्हेटरीत पियानो, १९९३ला बोस्टनचं बर्कली संगीत महाविद्यालय, मग पनामाचा पियानोवादक दानिलो पेरेस याची साथ आणि तिथून अमेरिकन गिटारवादक पॅट मेथनीचा ग्रुप. प्रवास मोठाच आहे. पण त्याचा 'द मेरिडियन स्वीट' (२०१५) हा अल्बम डोळे मिटून ऐका आणि सांगा, यात मेक्सिको कुठे? मला तर अस्सल अमेरिकन जॅझच ऐकू येतो. पासपोर्ट बघून संगीताला नाव देऊ नका, एवढंच म्हणणं.

पडघम: म्हणजे मारियाचीचा (मेक्सिकोच्या लोकसंगीताचा) ट्रंपेट वाजला तरच मेक्सिको का? अहो, ड्रम किटच मुळात पंचमेळ. सिंबल (झांजा) तुर्कस्तानचे, स्नेअर ड्रम युरोपातल्या लष्करी बँडचा, सुरुवातीचे टॉमटॉम ड्रम चिनी. त्यावर 'अस्सल' काय वाजवणार?

ताशेवाला: पेटीही युरोपातूनच आली. म्हणून तीवर भैरवी वाजवणारा बहुसांस्कृतिक ठरतो का?

दीडपट: सांचेसच्या डाव्या पायाकडे बघितलंत कधी? पायाने काउबेलवर (धातूच्या घंटेवर) क्लावे हा ठेका धरून ठेवतो आणि वर दोन्ही हात मोकळे. मी तबला शिकतोय, हातावर टाळी देताना बोल म्हणायचे तरी घाम फुटतो.

ताशेवाला: क्लावे क्यूबाचा, मेक्सिकोचा नव्हे. खरी सरमिसळ ऐकायची तर तालवादक त्रिलोक गुर्टू ऐका. शोभा गुर्टूंचा मुलगा, मुंबईचा. त्याच्या ड्रममधून तबला लपत नाही.

पडघम: प्रत्येकाने गुर्टूसारखंच का मिसळावं? सांचेसने मेथनी पहिल्यांदा ऐकला तो मेक्सिको सिटीच्या रेडिओवर, पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेल्या इन्यारितूच्या कार्यक्रमात. त्याच इन्यारितूने पुढे 'बर्डमॅन' चित्रपटातल्या ड्रमसाठी (२०१४) त्याला बोलावलं. शेवटच्या ध्वनिमुद्रणात तर ड्रम मुद्दाम बेसूर केले, जुनाट वाटावेत म्हणून.

ताशेवाला: म्हणजे मेक्सिकोच्या रेडिओवरही अमेरिकन जॅझच! माझाच मुद्दा मांडलात, आभारी आहे.

पडघम: थांबा जरा. ट्रम्पने २०१६च्या निवडणुकीच्या वादचर्चेत 'बॅड होम्ब्रे' (वाईट माणूस; 'होम्ब्रे' स्पॅनिश) म्हटलं, तेच शब्द उचलून सांचेसने २०१७ला एकट्याने अल्बम केला. सुरुवातीला आजोबांचा आवाज आहे, मेक्सिकोचे नामवंत नट इग्नासिओ लोपेस तार्सो. पुढच्या वर्षी 'लाइन्स इन द सँड', तो तर थेट स्थलांतरितांवरच. मेक्सिको ठेक्यात शोधाल तर चुकाल. त्याला काय सलतंय ते ऐका.

ताशेवाला: आजोबांचा आवाज मान्य, पण ती टेप झाली. मी ड्रमबद्दल बोलतोय.

नवशिकी: 'बर्डमॅन' दोनदा बघितला, ड्रम कोणाचे ते आज कळलं. आता काय ऐकू?

दीडपट: 'मायग्रेशन' (२००७). मेथनी आणि पियानोवादक चिक कोरिया दोघेही आहेत त्यात.

ताशेवाला: नको. आधी 'बॅड होम्ब्रे' ऐका. हेडफोन लावून.