'अधोलोकात उतरला' : इथे अधोलोक म्हणजे नरकच का?

माहुलीकर :
गेल्या महिन्यात मिरजेला एका जुन्या सहकाऱ्याच्या मातीला गेलो होतो. साताऱ्यात एकाच शाळेत आम्ही दोघांनी बावीस वर्षे मराठी शिकवले. तो ख्रिस्ती, मी नाही; पण आमची भांडणे व्हायची ती फक्त शुद्धलेखनावरून. चर्चमध्ये प्रार्थना सुरू होती. मध्येच सगळे उभे राहिले आणि हातात पुस्तक न घेता एका सुरात म्हणू लागले : 'त्याने पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगिले, त्याला वधस्तंभी खिळिले, तो मरण पावला, त्याला पुरिले, तो अधोलोकात उतरला…'

प्रसंग दुःखाचा, पण मास्तरकीची खोड जात नाही. माझे लक्ष क्रियापदांवर. भोगिले, खिळिले, पुरिले. पोथीबाहेर हे 'इले' आता कुठे ऐकू येते? त्यातही 'पुरिले' मला फार आवडले. आज आपण 'पुरले' लिहू, आणि 'त्याला पुरले' म्हटले की अर्थ होतो त्याला तेवढे बस झाले. चार भाकरी त्याला पुरल्या, तसे. त्या एका जुन्या इकाराने मढ्याची आणि भाकरीची गल्लत टळली आहे. नव्या छपाईत कुणी हा इकार 'सुधारू' नये एवढीच विनंती.

खरा प्रश्न पुढच्या शब्दाचा. अधस् म्हणजे खाली, लोक म्हणजे जग, हे ठीक. पण इथे तो नरक समजायचा का? ज्याला निष्पाप म्हणायचे त्यालाच नरकात धाडायचे, हे मला उमगेना. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारायची ती वेळ नव्हती. जाणकारांनी सांगावे.

मिशन कंपाउंड :
माझे बालपण मिरजेत वॉन्लेस हॉस्पिटलच्या आसपास गेले, त्यामुळे हे पाठ आहे, झोपेतसुद्धा म्हणेन. तुम्ही ऐकलेत त्याला प्रेषितांचा मतांगीकार म्हणतात, काही जण विश्वासांगीकार म्हणतात. बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, एकेक ओळ सांगितली अशी जुनी आख्यायिका आहे, पण ती आख्यायिकाच. रोममध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी जी कबुली घेत, ती वाढत वाढत साधारण आठव्या शतकात आजच्या रूपाला आली.

आता नरक. मराठी बायबलात दोन वेगळे शब्द आहेत आणि ते मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. ग्रीक 'हादेस', हिब्रू 'शिओल', यासाठी अधोलोक. हे मेलेल्यांचे ठिकाण, बरेवाईट सगळेच तिथे जाणार. 'गेहेन्ना'साठी मात्र नरक. गेहेन्ना हे नाव आले यरुशलेमेजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून, आणि शिक्षा, आग वगैरे जे तुमच्या डोळ्यासमोर येते ते तिथले. स्तोत्रांत 'तू माझा जीव अधोलोकात राहू देणार नाहीस' अशा अर्थाची ओळ आहे, तिथेही शिओलच. म्हणजे मतांगीकारात म्हटले आहे ते एवढेच, की तो खरोखर मेला, मेलेले जिथे जातात तिथे गेला.

गोंधळ इंग्रजीने केला. तिथे शतकानुशतके 'हेल' म्हणत आले. मग १९७० च्या दशकात इंग्रजी पाठ नव्याने बांधताना तिथे 'मेलेल्यांकडे उतरला' असे केले. गंमत म्हणजे 'हेल'चा मूळ अर्थही आग नव्हे. झाकलेली, दडलेली जागा असा आहे. मराठीत आधीपासूनच बरा शब्द होता, पण शाळेत इंग्रजी शिकलेली आमची पिढी अधोलोक म्हणायची आणि मनात हेल आणायची.

वारणाकाठ :
थांबा, थांबा. आमच्याकडे अधोलोक म्हटले की नरकच आठवतो! मी जैन, सांगलीजवळचा. ऊर्ध्वलोक, मध्यलोक, अधोलोक ही विभागणी आम्ही पाठशाळेत शिकलो. अधोलोकात एकाखाली एक सात भूमी : रत्नप्रभा, शर्कराप्रभा, वालुकाप्रभा, पंकप्रभा, धूमप्रभा, तमःप्रभा, महातमःप्रभा. तिथे नारकी जीव राहतात. तेव्हा सांगली जिल्ह्यात हा शब्द उच्चारताना जरा जपून, निम्म्या गावाला तो वेगळा ऐकू येईल.

बाकी रत्नप्रभेच्या वरच्या भागात भवनवासी देवही असतात, हे खरे. म्हणजे आमच्यातही अधोलोक नरकापुरताच नाही. बोलताना मात्र कोण एवढे बघतो.

माहुलीकर :
हे उत्तम. आणि पुराणांतले पाताळ घेतले तर आणखी तिसरेच. अतल, वितल, सुतल करत रसातळ, पाताळ; हे सात थर नरक नव्हेतच, नरक वेगळा सांगितला आहे. सुतलात तर बळीराजा राहतो, ज्याचे राज्य यावे म्हणून आपण दिवाळीत म्हणतो. म्हणजे भाषांतर करणाऱ्याने 'पाताळ' घेतले असते तर बळी आठवला असता, 'नरक' घेतला असता तर यमदूत. 'अधोलोक' हा त्यातल्या त्यात कमी ओळखीचा, म्हणून मोकळा शब्द. निदान हिंदू कानाला. वारणाकाठ यांनी माझा आनंद निम्मा केला.

हरिपूरचा पेववाला :
मी भाषेतला माणूस नाही, हळदीतला आहे. पण तुम्ही सगळे 'अधोलोक'ला धरून बसलाय, 'उतरला'कडे बघतच नाही.

आमच्या हरिपुरात हळद साठवायची पेवे होती. जमिनीच्या पोटात खोल खड्डा, तोंड अरुंद, आत रांजणासारखा फुगत गेलेला. माल भरून तोंड बंद केले की वर्षानुवर्षे हळद टिकायची. २००५ च्या महापुरात बरीच पेवे पाण्याने गेली. पेव उघडले की लगेच आत जायचे नाही. हवा कोंडलेली असते. आधी तोंड मोकळे सोडायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचे नाही. या नियमाला कुणी फाटा दिला की माणूस जायचा, तसे किस्से प्रत्येक पेववाल्याकडे आहेत.

आता शब्द बघा. माणूस पेवात 'पडला' म्हटले की घरात रडारड. 'उतरला' म्हटले की तो माल काढायला गेलाय. जागा तीच, अंधार तोच, कोंडलेली हवा तीच. पण उतरणारा आपल्या पायाने जातो आणि काहीतरी वर आणायला जातो. तुमच्या त्या ओळीत पडला, टाकला, ढकलला असे काहीच नाही. तो उतरला. मला तरी नरकाचा प्रश्न तिथेच मिटल्यासारखा वाटतो. चूक असेल तर सांगा.

मिशन कंपाउंड :
चूक? पेववाले दादा, तुम्ही नकळत फार जुन्या परंपरेवर बोट ठेवलेत. लॅटिनमध्येही 'देसेंदित', म्हणजे उतरलाच. पूर्वेकडच्या चर्चमध्ये पुनरुत्थानाचे जे चित्र काढतात त्यात रिकामी कबर नसतेच. ख्रिस्त खाली उतरलेला, पायाखाली मोडलेले दरवाजे, आणि आदाम आणि हव्वेला मनगटाला धरून वर ओढतोय. हाताला नाही, मनगटाला. ओढणारा तोच, त्यांनी काही धरलेले नाही. माल काढणेच म्हणा.

आणखी एक. रुफिनस नावाच्या इटलीतल्या लेखकाने साधारण ४०४ साली या मतांगीकारावर भाष्य लिहिले. तो सांगतो की ही ओळ त्याच्या अक्विलेया गावच्या पाठात आहे, रोमच्या पाठात नाही. आणि पुढे म्हणतो, या ओळीचा अर्थ 'पुरिले' यातच आलेला दिसतो. ३२५ चा निकायेच्या धर्मसभेचा मतांगीकार आणि ३८१ ला वाढवलेले त्याचे रूप, दोन्हींत ही ओळ नाही. म्हणजे माहुलीकरांना आवडलेला शब्द आणि न कळलेला शब्द एका अर्थाने एकच.

विभक्तिवेडी :
उशिरा आले. कराडहून लिहितेय. रुफिनसचे नाव निघालेच आहे तर माझा जुना सल सांगते, तो मला या सगळ्यापेक्षा मोठा वाटतो.

'वर विश्वास ठेवणे' हा आपला प्रयोग दोन कामे करतो. 'मी भुतांवर विश्वास ठेवत नाही' म्हणजे भुते आहेत असे मानत नाही. 'मी तुझ्यावर विश्वास ठेवते' म्हणजे तू आहेस असे मानते असा अर्थ नाही. तुझ्यावर भरवसा टाकते. लॅटिनमध्ये हे वेगळे करायची सोय होती, आणि ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताने ती वापरली : देवाचे म्हणणे खरे मानणे, देव आहे हे मानणे, आणि तिसरे, ज्यात क्रियापदानंतर 'इन' हे अव्यय येते. हे तिसरे मराठीत आणायचे तर मी म्हणेन देवावर भार टाकणे. आपल्याकडे म्हणतात ना, हवाला टाकणे, तसे. मतांगीकारात हे तिसरे आहे : 'क्रेदो इन देउम'.

रुफिनसचे म्हणणे असे की हे 'इन' फक्त पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याआधी येते. पुढे मंडळी (म्हणजे चर्च), पापांची क्षमा, देहाचे पुनरुत्थान यांच्याआधी येत नाही. मंडळी आहे हे मानायचे, तिच्यावर भार टाकायचा नाही. भार फक्त देवावर. निकायेच्या ३८१ च्या वाढवलेल्या ग्रीक पाठात मात्र मंडळीआधीही तसे अव्यय आहे, त्यामुळे हा नियम सगळीकडे चालतो असे म्हणवत नाही. पण भेद सुंदर आहे.

मराठीत काय झाले? आपले क्रियापद शेवटी. 'पवित्र आत्मा, पवित्र कॅथलिक मंडळी, पवित्रजनांची संगती, पापांची क्षमा, देहाचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन यावर मी विश्वास ठेवतो.' सगळे डबे जोडून झाल्यावर शेवटी एक 'यावर' लागले, आणि ते सगळ्या गाडीला लागले! पवित्र आत्म्याला जे लागू, तेच मंडळीलाही. भाषांतर करणाऱ्याचा दोष नाही, मराठी वाक्यरचनाच अशी. दोन वाक्ये केली असती तर भेद राहिला असता, पण मग एका सुरात म्हणताना श्वास तुटला असता. मी घरी बसून बरेच प्रयत्न केले. 'पवित्र आत्म्यावर मी विश्वास ठेवते. आणि मंडळी, क्षमा, पुनरुत्थान हे मानते.' व्याकरणाला ठीक, तोंडाला अगदी बेचव. हे म्हणत कुणी उभे राहणार नाही.

(माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीला हा भेद सांगितला. ती म्हणाली, आमच्या मंडळीच्या कमिटीच्या मिटिंगांना बसून बघ, रुफिनस बरोबर होता हे कळेल.)

वारणाकाठ :
एक बारीक शंका. 'कॅथलिक मंडळी' प्रोटेस्टंट लोक कसे म्हणतात?

मिशन कंपाउंड :
कॅथलिक म्हणजे इथे रोमन नव्हे. ग्रीक 'काथोलिकोस', सबंध, सगळ्यांची मिळून. काही पुस्तकांत म्हणून 'सार्वत्रिक' घालतात. मला तो सरकारी वाटतो, सार्वत्रिक निवडणुकीसारखा. पण 'कॅथलिक' म्हटले की प्रत्येक नव्या माणसाला हेच स्पष्टीकरण द्यावे लागते, हेही आहेच.

'मंडळी' मात्र फक्कड शब्द. मूळ 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून जमवलेली माणसे, इमारत नव्हे. आपल्याकडेही मंडळी जमतात, जेवतात, निघतात. आमचे शेजारी 'मंडळी माहेरी गेलीय' म्हणायचे, तेव्हा लहानपणी मला सबंध चर्च माहेरी गेल्यासारखे वाटायचे. आणि माहुलीकर, तुमच्या साताऱ्यातच नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये आपल्या मेळ्याला नाव दिले ते 'देवाचा दरबार'. छत्रपतींच्या गादीच्या गावाला दरबार शब्द समजावून सांगावा लागत नाही.

विभक्तिवेडी :
आणि ते 'पंतय'? मला सारखे 'पंत' ऐकू येते.

मिशन कंपाउंड :
मलाही! वडिलांना विचारले होते, हा पिलात औंधच्या पंतप्रतिनिधींपैकी का? ते हसून लोळले. पंतय म्हणजे पोंतियुस, रोमन कुळाचे नाव. हा २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा अधिकारी होता; १९६१ मध्ये कैसरियात एक शिळा सापडली, तिच्यावर त्याचे नाव आणि हुद्दा कोरलेला आहे. जुन्या मराठी बायबलात त्याला 'सुभेदार' म्हटले आहे, म्हणजे माझी चूक अगदीच वेडगळ नव्हती.

'वेळेस' मात्र थोडे फिके. लॅटिनमध्ये 'सुब', म्हणजे त्याच्या अमलाखाली. 'थोरल्या शाहूंच्या वेळेस' म्हटले की काळ कळतो. 'अमलाखाली दुःख भोगिले' म्हटले की काळही कळतो आणि हुकूम कुणाचा होता तेही.

माहुलीकर :
काल पुन्हा मिरजेला गेलो होतो, वहिनींना भेटायला. बोलता बोलता ही सगळी चर्चा सांगितली. पेवाचे ऐकून त्यांना हसू आले, त्यांचे माहेर हरिपूरकडचेच. मग म्हणाल्या, 'भाऊजी, मी तिसरीत असताना हे पाठ केलं. वाचता येत होतं कुठं नीट. मी आपलं ऐकलं, आधी-लोकात उतरला. म्हणजे आपल्या आधी गेलेल्या लोकांत. आजी, पणजी, सगळी जिथं असतील तिथं. आजही म्हणताना मनात तेच येतं. चुकीचं आहे का?'

शिओलचा अर्थ सांगायला लागलो आणि दोन वाक्यांतच लक्षात आले की त्यांनी तोच सांगितला आहे. नुसता एक धो सोडून.

असे ऐकीव अर्थ आणखी कुणाकडे असतील तर लिहा. पंत सोडून.