पर्शियन मांजरीच्या केसांच्या गाठी, मदत हवीये

मंडळी, आत्याची पर्शियन मांजर आता आमच्याकडे मुलुंडला आलीये. रोज स्टीलच्या कंगव्याने विंचरते तरी काखेत नि कानांमागे गाठी होतातच, त्यात हा पावसाळा, आंघोळ घातली की आतले केस लवकर वाळत नाहीत आणि ओलं राहिलं तर फंगसची भीती. शेजारच्या काकू म्हणतात सरळ टक्कल करा, मला नाही पटत. चपट्या नाकामुळे डोळ्यांतून सारखं पाणी, ते कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसते. उकाडा तर अजिबात सोसत नाही, दिवसभर बाथरूमच्या लादीवर पसरलेली (महाराणीच!).
गाठी घरी कशा सोडवता? कात्री नको वाटते, कातडी फार पातळ असते. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात मांजरींचं ग्रूमिंग होतं का, की इकडे कोणी घरी येतं? खर्चही सांगा प्लीज.