‘रीॲडमिशन’ला काय म्हणावं? पुनर्भरती, पुनःप्रवेश की फेरदाखल?

दादर
डिस्चार्जनंतर पेशंट परत आला तर पैसे कोणाला, किती, याबद्दल अमेरिका, इंग्लंड, जर्मनीचे नियम आणि आपले विम्याचे नियम यांच्यावर लेख लिहिते आहे. ‘पुनःप्रवेश’ म्हटलं की कॉलेजचा फॉर्म आठवतो, ‘पुनर्भरती’त पोलीसभरती डोकावते. काय वापरू?

परळ
वॉर्डात कुणी पुनःप्रवेश घेत नाही हो. ‘पेशंट परत ॲडमिट झाला’, संपलं. लेखात ‘फेरदाखल’ शोभेल. फेरतपासणी, फेरमतमोजणी लोकांच्या तोंडी आहेतच. (‘पुनर्प्रवेश’ मात्र लिहू नका. प अघोष, म्हणजे कठोर व्यंजन, तिथे विसर्गच. ‘पुनर्भरती’चा रफार बरोबर आहे, शब्द आवडो न आवडो.)

ठाणे, मूळ नागपूर
आमच्याकडे ‘दवाखान्यात भरती केलं’ असंच म्हणतात. पोलीस तुम्हा मुंबईकरांनाच का दिसतात?

शीव
ताई, विम्याच्या डेस्कवर बसतो म्हणून सांगतो. शब्द कोणताही घ्या, पण त्यात काय मोजलंय ते आधी पाहा, कारण अमेरिका, जर्मनी आणि आपल्याकडे दिवस वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतात.

अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा, डिस्चार्जपासून ३० दिवस धरतं. कारण कोणतंही असो, पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात गेलेला असो, ठपका पहिल्या हॉस्पिटलावर. मात्र ठरवून परत बोलावलेलं यात येत नाही. २०१२च्या ऑक्टोबरपासून हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया यांवर दंड सुरू झाला, नंतर गुडघा-खुब्याचे सांधे, बायपास वगैरे आले. अपेक्षेपेक्षा जास्त पेशंट परतले तर मेडिकेअरच्या रकमेतून आधी १ टक्क्यापर्यंत कपात होती, आता ३ टक्क्यांपर्यंत. आणि पेशंटला रीतसर ॲडमिट न करता नुसतं ‘ऑब्झर्व्हेशन’वर, देखरेखीखाली, ठेवलं तर ते मोजतच नाहीत! पळवाट म्हणा हवं तर.

जर्मनीत दंड नाही, जोडणी आहे. त्याच हॉस्पिटलात, त्याच गटातल्या उपचारासाठी पेशंट ठरावीक मुदतीत आला की दोन्ही मुक्काम मिळून एकच केस, एकच पॅकेज. ती मुदत पहिल्यांदा ॲडमिट झाल्या तारखेपासून मोजतात, डिस्चार्जपासून नाही.

आपल्या पॉलिसीत तर हा शब्द शोधूही नका. तिथे ‘एनी वन इलनेस’ असतं: जिथे उपचार घेतले तिथल्या शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांत आजार उलटला, तर तो तोच आजार. हिशेब आजाराचा, हॉस्पिटलच्या कामगिरीचा नव्हे. डेस्कवर लोक भांडतात ते डिस्चार्ज कार्डावरची तारीख दाखवून, आणि मधली ओपीडीची भेट विसरतात.

दादर
म्हणजे भारताच्या रकान्यात ‘फेरदाखल’ लिहिलं तर चूकच होईल. इंग्लंडचं काय?

शीव
तिथे २०११च्या एप्रिलपासून, ठरवून केलेल्या उपचारानंतर ३० दिवसांत पेशंट तातडीने परतला तर हॉस्पिटलला पैसे नाहीत, असा नियम आणला होता. तिथे ‘तातडीचं’ हे विशेषण गाळू नका. अमेरिकेसाठी ‘अनियोजित’ लिहा. केमोचा पेशंट ठरल्या तारखेला येतो, त्याला कोण मोजणार? आपल्याकडे ‘आजार उलटणे’ पुरे.

परळ
‘उलटणे’ झकास! फक्त ‘फेरदाखल’चं नाम करताना जपा. ‘फेरदाखला’ लिहिलंत तर लोक तलाठ्याकडे जातील. ‘फेरदाखल होण्याचं प्रमाण’ लिहा, लांब झालं तरी चालेल.