मदत हवी आहे : ओर्चाताची पेज होतेय आणि हामाइका तुरट लागतंय

मंडळी, आम्ही तीन वर्षं मेक्सिकोत, ग्वादालाहाराला होतो. तिथल्या छोट्या खाणावळींत जेवणाबरोबर त्या दिवशीच्या 'आग्वा फ्रेस्का'चा जग यायचाच. फळ, पाणी, साखर, वरून लिंबू, बस्स. बाजारात मोठमोठ्या काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीत लांब दांड्याचा डाव. कलिंगड, अननस, चिंच, काकडी-लिंबू... रंग बघूनच निम्मी तहान भागायची.

लेकाचा जन्म तिथलाच. आता नाशिकला आहोत, मे महिन्यात त्याचा पाचवा वाढदिवस, 40 माणसं. कोल्ड्रिंकच्या बाटल्या अजिबात आणायच्या नाहीत, तीच पाणी घरी करायची, असं मी मनावर घेतलंय.

फळांची जमतात. खरबुजाच्या बियासुद्धा मी टाकत नाही. तिथल्या शेजारच्या मावशींनी शिकवलं होतं : बिया आणि भोवतालचा गर पाण्यात फिरवून गाळायचा, दुधासारखं पांढरट पाणी निघतं आणि वासही सुरेख येतो.

घोडं अडलंय दोन ठिकाणी.

ओर्चाता म्हणजे तांदूळ-दालचिनीचं पाणी. मी वाटीभर इंद्रायणी मिक्सरमधून काढला, वर उकळतं पाणी ओतलं, दालचिनी घातली आणि रात्रभर ठेवला. सकाळी चमचा उचलला तर तार सुटली! शिवाय दालचिनी घशाला झोंबते. तिथे असं कधीच नव्हतं.

हामाइका म्हणजे आपली लाल अंबाडी. सुकलेली बोंडं मिळाली, वीस मिनिटं उकळली. रंग अप्रतिम, पण जीभ आखडते. साखर वाढवून उपयोग नाही, नुसतं गोड-तुरट होतं.

कुणी केलं असेल तर कृपया नीट सांगा.

प्रतिसाद

ताई, उकळत्या पाण्याने तांदळाचं पीठ शिजलं, म्हणून पेज झाली. त्यात इंद्रायणी मुळात चिकट. लांब दाण्याचा जुना तांदूळ घ्या, अख्खाच धुऊन साध्या पाण्यात दालचिनीसह रात्रभर भिजवा. सकाळी भरड वाटा आणि धुतलेल्या मलमलमधून गाळा. फडकं पिळू नका, पिळलं की पीठ खाली उतरतं. थोडा साका बसणारच, तिथल्या बरण्यांतला डाव त्यासाठीच असतो. प्रत्येक पेला भरताना तळापासून ढवळायचं.

दालचिनीचं म्हणाल तर मेक्सिकोत सिलोनची वापरतात, पातळ सालींची, बोटांनी चुरडणारी. आपल्या बाजारातली जाड, कडक काडी बहुतेक कॅशिया असते, ती झोंबते. कोकणातून पातळ सालीची मिळाली तर मागवा.

अंबाडी वीस मिनिटं उकळू नका हो! वाटीभर बोंडांना चार वाट्या पाणी, दोन-तीन मिनिटं उकळी, गॅस बंद, झाकण ठेवून पंधरा मिनिटं. गाळून गरम असतानाच साखर विरघळवा, मग चार वाट्या गार पाणी. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, अंबाडी आंबट असते. आमच्या विदर्भात अंबाडीच्या फुलांचं सरबत करतात, तेही असंच.

धागाकर्ती

मनापासून आभार! काल हामाइका तुमच्या मापाने केलं. लेकाने दोन पेले संपवले आणि लालभडक ओठांनी तिसरा मागितला. ओर्चाताचा तांदूळ आज भिजत घातलाय. आता एकच विचारायचं राहिलं : मे महिन्याच्या उकाड्यात ओर्चाता आदल्या रात्री गाळून फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल, की सकाळीच गाळू?