डोल्यो चागी (तायक्वांदोतली गोल फिरवून मारायची किक) संथ पडतेय, मदत हवी आहे (बडोदे)

झेप_बडोदे: तायक्वांदोची स्पर्धा पाच आठवड्यांवर आलीय. मी पाय उचलला की समोरचा मागे सरकलेलाच असतो. तीन महिने रोज 200 किक मारतोय, तरी वेग उलट कमी झालाय. काय करू? लवकर सांगा.

तालीमवाला: कुठला पाय? मागचा की पुढचा?

झेप_बडोदे: मागचा, उजवा.

तालीमवाला: मांड्यांत जोर नाही. रोज 100 बैठका मार. आम्ही दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचो, तेव्हा कुणाला पाय संथ आहे म्हणायची वेळ आली नाही.

कोन_आणि_वेग: बैठकांनी जोर येईल, वेग येईलच असं नाही. गुडघा आधी पूर्ण दुमडतोस का? पाय लांब ठेवून फिरवला की जडत्व वाढतं, तेही अंतराच्या वर्गाने. पाऊल खुब्यापासून दुप्पट लांब गेलं तर त्याचा वाटा चौपट. आधी कंबर वळते, मग मांडी येते, आणि मांडी मंदावते तेव्हा नडगी सुटते. आसूडासारखी.

तालीमवाला: आसूड मारायलाही दंडात बळ लागतं.

कोन_आणि_वेग: बळ नको असं कुठे म्हटलं?



फिजिओताई: झेप, सराव कुठे करतोस? पायात काय असतं?

झेप_बडोदे: घरी गच्चीवर, कोब्यावर, बूट घालून. वेग वाढावा म्हणून दोन्ही घोट्यांना एकेक किलोची वजनं बांधतो. डावा गुडघा आतून दुखतो, पण ते वेगळं.

फिजिओताई: वेगळं नाही रे. किक उजव्याची असली तरी वळायचं असतं डाव्या पावलावर. टाच समोरच्याकडे फिरली की कंबर मोकळी होते. बूट कोब्याला धरून बसतो, टाच अडकते आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. त्यात वजन बांधलंस नेमकं पायाच्या टोकाला. तीन महिने शरीराला हळू किकची सवय लावलीस. वजनं आजच सोड. आणि गुडघा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही किक मारू नकोस.

तालीमवाला: गुडघ्याचं आधी सांगायचं ना! बैठका मारू नकोस बाबा.

कोन_आणि_वेग: जुना एखादा व्हिडिओ असेल तर सावकाश लावून फक्त डावी टाच बघ.

झेप_बडोदे: भावाने मागून काढलेला सापडला. टाच हललेलीच नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातोय.