मदत हवी आहे: समाविष्ट गावातलं घर, नमुना 8 आजोबांच्या नावावर. आता नाव कुठे बदलायचं?

मंडळी, नमस्कार.

आमचं घर किरकटवाडीच्या गावठाणात. 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत 23 गावं घेतली, त्यात आम्हीही आलो. गावठाणातलं घर, त्यामुळे सातबाऱ्याचा प्रश्नच नाही. कागद म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 चा, म्हणजे घरांच्या कर आकारणी नोंदवहीचा उतारा, तोही आजोबांच्या नावाचा. घडीवर विरलाय, पण ग्रामसेवकाची सही आणि गोल शिक्का अजून वाचता येतो.

आजोबा आणि वडील दोघंही हयात नाहीत. आता आईचं नाव लावायचंय. पूर्वी अर्ज दिला की मासिक सभेत ठराव होऊन नाव लागायचं. आता ग्रामपंचायतच नाही. नगरसेवकाला विचारावं म्हटलं तर मार्च 2022 पासून महापालिकेतही प्रशासक बसले होते, म्हणजे गावाला बरीच वर्षं ना सरपंच ना नगरसेवक!

तर, नमुना 8 चं मूळ रजिस्टर आता कोणाकडे असतं? कोर्टाचा वारस दाखला लागतोच, की प्रतिज्ञापत्र आणि आत्याचं ना हरकत पत्र पुरतं? काका म्हणतात तलाठ्याकडे जा. शिवाय स्वतः राहत असल्याची मिळकतकरातली 40 टक्के सवलत आम्हाला मिळेल का?

प्रतिसाद 1
तलाठ्याकडे नका जाऊ. गाव महापालिकेत आलं तरी शेताचा सातबारा त्याच्याचकडे राहतो हे खरं, पण तुमचं घर त्यात नाहीच. गाव घेताना ग्रामपंचायतीचं दप्तर महापालिकेकडे जातं, म्हणून आधी क्षेत्रीय कार्यालयात विचारा. रजिस्टरच्या त्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल मिळवा. तोंडी मागून मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मग मिळकतकराच्या नोंदीत नाव बदलायचा अर्ज. भावंडांत वाद नसेल तर कोर्टापर्यंत जाण्याआधी नेमकं काय लागेल ते तिथेच विचारून घ्या.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: कराच्या बिलावर नाव आलं म्हणजे मालकी लागली असं नाही. गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघाली आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात बघा. पुढे घर पाडून बांधायचं झालं, कर्ज काढायचं झालं, तर तीच मागतात.

प्रतिसाद 2
सवलतीचं सांगतो. 2019 ला बंद केली होती, 2023 ला परत आली. त्यासाठी पीटी-3 अर्ज भरतात, सोबत तुम्ही तिथेच राहता याचा पुरावा. करही एकदम शहराच्या दराने लागत नाही, टप्प्याटप्प्याने वाढतो. बिल आलं की आधी दर तपासा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. सोमवारी नकलेचा अर्ज टाकतो. आत्या सांगलीला असते, गुडघ्यांमुळे तिला प्रवास होत नाही. ना हरकत पत्रावर तिची सही तिकडेच नोटरीसमोर घेतली तर चालते का? कोणी केलंय असं?